चार्ल्स व्हीटस्टन : सपाट चित्रात खोली दाखवणारा लाजाळू प्राध्यापक

बारावीला भौतिकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाच्या वहीत एक आकृती असतेच. चार रोध, मधे गॅल्व्हानोमीटर, एका बाजूला बॅटरी. खाली नाव लिहिलेलं असतं, ‘व्हीटस्टन ब्रिज’. गंमत अशी की ही जोडणी चार्ल्स व्हीटस्टन यांनी शोधलेली नाही. ती सॅम्युअल हंटर ख्रिस्ती या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३३ मध्ये मांडली होती. व्हीटस्टन यांनी दहा वर्षांनी तिचा उपयोग सगळ्यांना समजेल असा दाखवून दिला. श्रेय ख्रिस्तींचं आहे, हेही त्यांनी नोंदवलं. तरी नाव चिकटलं ते व्हीटस्टन यांचंच.

उलट जी गोष्ट खरोखर त्यांची, तिच्याशी त्यांचं नाव फारसं कुणी जोडत नाही. थ्रीडी सिनेमाचा चष्मा, लहानपणी डोळ्याला लावलेला व्ह्यू मास्टर, आजचा व्हीआर हेडसेट या सगळ्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी सपाट चित्रं दाखवली, की मेंदू त्यातून खोली तयार करतो. हे तत्त्व व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये जगासमोर ठेवलं.

आणखी एका प्रश्नासाठी हा माणूस महत्त्वाचा आहे. आपल्या संगणकाचा डेस्कटॉप अजूनही सपाट का? गेल्या तीसेक वर्षांत तो त्रिमितीय करण्याचे अनेक प्रयत्न झाले, मोठ्या कंपन्यांनी केले, आणि जवळपास सगळे मागे पडले. त्याची कारणं शोधत गेलं, तर आपण व्हीटस्टन यांच्या कामापाशी येऊन पोचतो. एकाच माणसाने खोली दाखवणारं यंत्रही बनवलं आणि कुणालाही न शिकता वापरता येईल असं तारयंत्रही बनवलं. या दोन यंत्रांचं पुढे काय झालं, त्यातच बरंचसं उत्तर आहे.

वाद्यांच्या दुकानातला मुलगा

चार्ल्स व्हीटस्टन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरजवळच्या बार्नवूड इथे झाला. घरात वाद्यांचा व्यवसाय. चार्ल्स चार वर्षांचा असताना कुटुंब लंडनला आलं. चौदाव्या वर्षी त्याला काकांच्या वाद्यांच्या दुकानात कामाला लावलं गेलं. काकांचं नावही चार्ल्सच. पण मुलाचं मन गल्ल्यावर कमी आणि पुस्तकांत जास्त.

त्याच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली जाते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला व्होल्टाच्या विजेवरच्या शोधांचं एक पुस्तक दिसलं. पैसे साठवून त्याने ते घेतलं. घरी आल्यावर कळलं की पुस्तक फ्रेंचमध्ये आहे. मग पुन्हा पैसे साठवून शब्दकोश घेतला. भावाबरोबर प्रयोग करताना बॅटरीसाठी तांब्याचा पत्रा घ्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा साठवलेली तांब्याची नाणीच वापरून टाकली. गोष्टीत थोडं मीठमसाला असेलही, पण हाताशी असलेल्या वस्तूंतून काम भागवण्याची वृत्ती व्हीटस्टन यांच्या पुढच्या आयुष्यात पदोपदी दिसते.

१८२१ मध्ये लंडनच्या लोकांनी एक चमत्कार पाहिला. छताला एका तारेने टांगलेलं एक सुबक तंतुवाद्य, कुणीही हात न लावता वाजत होतं. वाद्यातून चक्क पियानोचा आवाज येत होता. हा खेळ एकोणीस वर्षांच्या चार्ल्सचा होता. वरच्या खोलीत खरी वाद्यं वाजत होती आणि त्यांचा आवाज टांगलेल्या तारेतून खाली येत होता. लोकांना जादू वाटली. चार्ल्सला मात्र वेगळंच दिसत होतं. घन पदार्थातून आवाज इतका स्वच्छ जातो, तर माणसाचा निरोपही दूर पाठवता येईल का? वरवर करमणूक आणि आत गंभीर प्रश्न, हा त्यांचा कायमचा शिरस्ता राहिला.

१८२३ मध्ये काका वारले. चार्ल्स आणि भाऊ विल्यम यांनी व्यवसाय हाती घेतला. १८२७ मध्ये चार्ल्स यांनी ‘कॅलिडोफोन’ बनवला. धातूच्या कांबीच्या टोकाला चकचकीत मणी लावायचा आणि कांब थरथरवायची. मण्यावरचा प्रकाश फिरून हवेत सुंदर रेषा उमटतात. मणी एका क्षणी एकाच ठिकाणी असतो, पण डोळ्याला पूर्ण रेषा दिसते. आवाजाचं कंपन डोळ्यांनी पाहण्याचा हा प्रयोग होता. याच काळात त्यांनी कॉन्सर्टिना हे हातात धरून वाजवायचं भात्याचं वाद्यही घडवलं, आणि ते पुढे जगभर पोचलं.

प्राध्यापक, पण व्याख्यान नको

कॉलेजचं शिक्षण न घेतलेला हा वाद्यकार १८३४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी त्यांनी विजेचा वेग मोजण्याचा धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे अर्ध्या मैलाच्या तांब्याच्या तारेत तीन ठिकाणी ठिणग्या पाडायच्या आणि अतिवेगाने फिरणाऱ्या आरशात त्या पाहायच्या. मधली ठिणगी उशिरा पडली, तर आरशातली तिची प्रतिमा बाजूला सरकलेली दिसणार. निघालेला आकडा प्रकाशाच्या वेगापेक्षाही मोठा होता, म्हणजे चुकलेला होता. पण फिरत्या आरशाची युक्ती पक्की होती. फ्रेंच शास्त्रज्ञांनी पुढे हीच युक्ती प्रकाशाचा वेग मोजायला वापरली.

प्राध्यापक झाले खरे, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की व्हीटस्टन गडबडून जात. दोन-तीन मित्रांमध्ये ते भरभरून बोलत. श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात मात्र शब्द फुटत नसे. त्यांचे स्नेही मायकेल फॅरेडे हे उत्तम वक्ते. व्हीटस्टन यांचे कित्येक शोध रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरेडे यांनीच लोकांना समजावून सांगितले. एप्रिल १८४६ मधल्या अशाच एका व्याख्यानात व्हीटस्टन यांच्या उपकरणाबद्दल बोलून झाल्यावर वेळ उरला, म्हणून फॅरेडे यांनी प्रकाशाबद्दलचे आपले काही कच्चे विचार मांडले. पुढे मॅक्सवेल यांच्या विद्युतचुंबकीय सिद्धांताची चाहूल म्हणून याच विचारांकडे पाहिलं गेलं.

हा लाजाळूपणा फक्त स्वभावाचा भाग नव्हता, त्याची किंमतही होती. जो माणूस आपलं काम स्वतः लोकांपुढे मांडत नाही, त्याच्या कामावर दुसरी नावं लागायला वेळ लागत नाही.

काडेपेटी, दोन डोळे आणि दोन आरसे

एक छोटा प्रयोग करून पाहा. काडेपेटी नाकासमोर वीतभर अंतरावर उभी धरा, अशी की तिची एक कड तुमच्याकडे येईल. आता आळीपाळीने एकेक डोळा मिटा. डाव्या डोळ्याला पेटीची डावी बाजू जास्त दिसते, उजव्याला उजवी. दोन्ही डोळे उघडे ठेवले की मात्र दोन पेट्या दिसत नाहीत. एकच दिसते, आणि ती भरीव दिसते.

ही गोष्ट माणूस हजारो वर्षं अनुभवत होता. चित्रात कितीही कौशल्य ओतलं तरी ते दोन्ही डोळ्यांनी पाहताना खऱ्या वस्तूसारखं उठून दिसत नाही, हे लिओनार्दो दा विंची यांच्याही लक्षात आलं होतं. पण दोन डोळ्यांतल्या प्रतिमांचा फरक हा अडथळा नसून तोच खोलीच्या जाणिवेचा एक आधार आहे, हे प्रयोगाने सिद्ध करणारे पहिले व्हीटस्टन.

त्यांची युक्ती साधी होती. दोन आरसे एकमेकांशी काटकोनात उभे करायचे आणि त्यांची जोडकड नाकासमोर आणायची. डाव्या आरशात डावीकडच्या फळीवरचं चित्र दिसतं, उजव्यात उजवीकडचं. डाव्या फळीवर ठोकळा डाव्या डोळ्याला जसा दिसेल तसा काढायचा, उजव्या फळीवर उजव्या डोळ्याला दिसेल तसा. पाहणाऱ्यासमोर कागद नाहीसे होतात आणि हवेत एक भरीव ठोकळा उभा राहतो. या उपकरणाला त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘स्टिरिओस्कोप’ असं नाव दिलं. २१ जून १८३८ रोजी रॉयल सोसायटीपुढे त्यांचा शोधनिबंध वाचला गेला. याच संशोधनासाठी १८४० मध्ये सोसायटीने त्यांना पदक दिलं.

त्यांनी चित्रं मुद्दाम नुसत्या रेघांची काढली होती. सावली नाही, रंग नाही. चित्रकार ज्या क्लृप्त्यांनी खोलीचा भास निर्माण करतात, त्या सगळ्या त्यांनी बाजूला काढल्या. तरीही खोली दिसली. म्हणजे निव्वळ दोन प्रतिमांमधला फरकही मेंदूला पुरतो, हे पक्कं झालं.

याच निबंधात एक निरीक्षण आहे, आणि संगणकाच्या पडद्यासाठी ते फार मोलाचं आहे. दूरच्या डोंगराचं चित्र खऱ्या डोंगराइतकं हुबेहूब भासू शकतं, कारण इतक्या लांबची वस्तू दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखीच दिसते. जवळच्या वस्तूचं चित्र मात्र असं फसवू शकत नाही. तिथे दोन डोळ्यांना वेगळं दिसायला हवं आणि सपाट चित्र दोघांना एकच दाखवतं. आता विचार करा, आपला संगणक आपल्यापासून किती लांब असतो? हातभर. त्याच्यावर कितीही सावल्या टाका, खिडक्या तिरक्या करा, दोन्ही डोळे मेंदूला सांगतच राहतात की समोर एक सपाट काच आहे.

तारेवरची अक्षरं

स्टिरिओस्कोपचं काम चालू असतानाच व्हीटस्टन दुसऱ्या एका उद्योगात गुंतले होते. फेब्रुवारी १८३७ मध्ये विल्यम कुक त्यांच्याकडे आले. कुक हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात नोकरी करून परतलेले, धंद्याची उत्तम जाण असलेले गृहस्थ. विजेच्या तारेने निरोप पाठवायचं त्यांच्या डोक्यात होतं, पण लांब तारेतून प्रवाह नीट पोचत नव्हता. व्हीटस्टन यांना त्यामागचं शास्त्र ठाऊक होतं. दोघांनी भागीदारी केली. त्याच वर्षी पेटंट घेतलं आणि २५ जुलैला लंडनच्या युस्टन आणि कॅम्डन टाउनच्या दरम्यान तार पाठवून दाखवली.

या यंत्राची रचना पाहण्यासारखी होती. शंकरपाळ्याच्या आकाराची एक पाटी, तिच्या मधल्या ओळीत पाच चुंबकीय काटे आणि वर-खाली तिरक्या जाळीत वीस अक्षरं. निरोप आला की पाचांपैकी दोन काटे झुकत. दोघांची टोकं ज्या अक्षराकडे जातात ते अक्षर वाचायचं. संकेतलिपी पाठ करायची गरज नाही. ज्याला वाचता येतं त्याला हे यंत्र वापरता येतं. आज ज्याला आपण ‘वापरायला सोपं’ म्हणतो, त्याचा हा फार जुना नमुना आहे.

या सोयीचीही किंमत होती. पाच काट्यांना बऱ्याच तारा लागत आणि तारा महाग. शिवाय इंग्रजीची सहा अक्षरं पाटीवर मावलीच नव्हती. खर्च वाचवण्यासाठी पुढे रेल्वेने दोन काट्यांचं यंत्र घेतलं, पण त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागू लागला. अक्षरं गाळल्याने काय होतं, हे १ जानेवारी १८४५ च्या एका घटनेत दिसलं. स्लाउ इथे एका बाईचा खून करून जॉन टॉवेल नावाचा माणूस रेल्वेने लंडनकडे निघाला. त्याच्या अंगावर क्वेकर पंथीयांसारखा पोशाख होता. स्लाउहून पॅडिंग्टनला तार गेली, पण त्या यंत्रणेत ‘क्यू’ हे अक्षरच नव्हतं. तार पाठवणाऱ्याने ‘के’ आणि ‘डब्ल्यू’ वापरून शब्द पाठवला आणि घेणारा गोंधळून पुन्हा पुन्हा विचारू लागला. शेवटी अर्थ लागला, टॉवेल पकडला गेला आणि फासावर गेला. तारेची कीर्ती मात्र देशभर पसरली.

व्हीटस्टन यांना सोपेपणा सोडायचा नव्हता. १८४० मध्ये त्यांनी तबकडीचं तारयंत्र पेटंट केलं आणि १८५८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आणली. घड्याळासारख्या तबकडीवर सगळी मुळाक्षरं गोलाकार मांडलेली. पाठवणारा हवं ते अक्षर निवडतो, पलीकडच्या तबकडीवरचा काटा त्याच अक्षरावर जाऊन थांबतो. हे यंत्र मोर्सच्या यंत्राइतकं वेगवान नव्हतं. पण दुकानदार, कारखानदार, पोलीस चौकी, कुणालाही तारमास्तर न ठेवता ते वापरता येई. घरगुती टेलिफोन येण्याआधी इंग्लंडमधल्या खासगी तारा मोठ्या प्रमाणावर याच यंत्रावर चालल्या.

श्रेय कुणाचं?

तार चालू लागली आणि भागीदारीत ठिणगी पडली. कुक यांचं म्हणणं, कल्पना माझी आणि धंदा मी उभा केला. व्हीटस्टन यांचं म्हणणं, शास्त्र माझं, त्याच्याशिवाय तार हललीच नसती. वाद मिटवायला दोन लवाद नेमले गेले. एक होते टेम्सखालचा बोगदा खणणारे अभियंते मार्क ब्रुनेल, दुसरे किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक डॅनियल. एप्रिल १८४१ मध्ये त्यांनी दोघांनाही श्रेय दिलं. तार प्रत्यक्षात आणणारे कुक, तिच्यामागचं विज्ञान पुढे नेणारे व्हीटस्टन. तात्पुरता समेट झाला, मनं मात्र जुळली नाहीत.

स्टिरिओस्कोपच्या बाबतीतही तेच घडलं. आरशांचं उपकरण मोठं होतं, टेबलावर मांडावं लागे. १८४९ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगं वापरून हातात धरता येईल अशी पेटी बनवली. फोटोग्राफी एव्हाना आली होती, त्यामुळे रेघांच्या ठोकळ्यांऐवजी खऱ्या दृश्यांच्या जोड्या मिळू लागल्या. पॅरिसच्या ज्यूल ड्युबोस्क यांनी बनवलेली पेटी १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला आवडली आणि विक्रीला उधाण आलं. दिवाणखान्यात बसून ताजमहाल आणि पिरॅमिड पाहण्याची ही सोय घराघरांत पोचली. ब्रूस्टर यांनी पुढे वर्तमानपत्रातून व्हीटस्टन हे स्टिरिओस्कोपचे पहिले जनक नाहीतच, असा वाद घातला. पण १८३८ चा निबंध छापलेला होता, आणि आज शास्त्राच्या इतिहासात त्याचं श्रेय निर्विवादपणे व्हीटस्टन यांचं मानलं जातं.

विक्रीच्या मागे न लागता व्हीटस्टन पुन्हा प्रयोगाकडे वळले. १८५२ मध्ये त्यांनी दृष्टीवरच्या संशोधनाचा दुसरा भाग मांडला. जवळची वस्तू पाहताना आपली बुबुळं आत वळतात, लांबची पाहताना सरळ होतात. खऱ्या जगात वस्तू जवळ आली की तिची डोळ्यातली प्रतिमाही मोठी होते, त्यामुळे या दोन गोष्टी कायम जोडीने घडतात. व्हीटस्टन यांनी हलत्या दांड्यांचा स्टिरिओस्कोप बनवून ही जोडी फोडली. चित्राचा आकार तोच ठेवून फक्त बुबुळं आत वळायला लावली, तर चित्र लहान झाल्याचा भास होऊ लागला. डोळ्यांना मिळणाऱ्या खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत, की मेंदू आपल्या परीने हिशेब जुळवतो, हे त्यातून दिसलं.

आजचा व्हीआर हेडसेट तासभर लावल्यावर डोळे का शिणतात, याचं एक कारण याच जातीचं आहे. हेडसेटमधल्या वस्तूनुसार बुबुळं कधी जवळसाठी वळतात, कधी लांबसाठी. डोळ्याच्या भिंगाला मात्र नेमक्या एकाच अंतरावरच्या पडद्यावर नजर स्थिर ठेवावी लागते. नेहमी हातात हात घालून चालणाऱ्या दोन क्रिया वेगळ्या पडतात आणि ताण येतो. दिवसभर बसून ईमेल वाचायचं आणि हिशेब लिहायचे असतील, तर हा ताण लहान नाही.

संगणकाच्या उंबरठ्यापर्यंत

व्हीटस्टन यांचं आयुष्य संगणकाच्या आधीचं, तरी त्याच्या कुळाशी त्यांचे धागे जुळलेले आहेत. स्टिरिओस्कोपसाठी १८४१ मध्ये काढवून घेतलेल्या सुरुवातीच्या छायाचित्रांत चार्ल्स बॅबेज यांचं छायाचित्र होतं, म्हणजे गणनयंत्राचा आराखडा करणाऱ्या त्याच बॅबेज यांचं. त्या यंत्रावरच्या लेखाचं भाषांतर एडा लव्हलेस यांनी करावं, हे सुचवणारेही व्हीटस्टनच. त्या भाषांतराला जोडलेल्या एडा यांच्या टिपा १८४३ मध्ये छापल्या गेल्या आणि आज संगणकाच्या इतिहासाची सुरुवात सांगताना त्या सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८५८ मध्ये व्हीटस्टन यांनी छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवरून आपोआप तार पाठवणारं यंत्र आणलं. शतकभरानंतर सुरुवातीच्या संगणकांना माहिती देण्यासाठी छिद्रांच्या कागदी पट्ट्याच वापरल्या गेल्या.

१८५४ मध्ये त्यांनी गुप्तलेखनाची एक पद्धत शोधली. तिचा प्रचार मित्र लॉर्ड प्लेफेअर यांनी केला, म्हणून ती ‘प्लेफेअर सायफर’ झाली. म्हणजे ब्रिज दुसऱ्याचा आणि नाव यांचं, सायफर यांचा आणि नाव दुसऱ्याचं.

१८४७ मध्ये एमा वेस्ट यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्यांना पाच मुलं झाली. १८६८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. कामानिमित्त पॅरिसला गेले असताना ते आजारी पडले आणि १९ ऑक्टोबर १८७५ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांना पुरलं आहे.

डेस्कटॉपला खोली दिली, पुढे काय?

व्हीटस्टन गेल्यानंतर शंभर वर्षांनी संगणकाच्या पडद्यावर टेबल अवतरलं. कागद, फोल्डर, कचऱ्याची टोपली. हे टेबल सपाट होतं. संगणकांची ताकद वाढली तशी कल्पना पुढे आली की कागद सपाट कशाला, पूर्ण त्रिमितीय जगच दाखवूया. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये मुलगी संगणकावर ठोकळ्यांच्या शहरातून उडत फायली शोधते. तो कार्यक्रम खरा होता, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० मध्ये चित्रांच्या दालनासारखा डेस्कटॉप मांडला, त्यात प्रत्येक काम भिंतीवर टांगलेलं. सन कंपनीने २००३ मध्ये खिडक्या वळवून पाठीमागे चिठ्ठी लिहिता येईल असा ‘लुकिंग ग्लास’ दाखवला. लिनक्समध्ये २००६ पासून ‘कॉम्पिझ’चा फिरणारा ठोकळा मिरवला गेला. विंडोज व्हिस्टामध्ये खिडक्या पत्त्यांसारख्या तिरक्या रांगेत उभ्या राहत, विंडोज ८ मध्ये ती सोय काढून टाकली गेली. खऱ्या टेबलासारखे कागद ढकलता येणारा ‘बंपटॉप’ गुगलने २०१० मध्ये विकत घेतला आणि त्याची विक्री थांबली.

पाहणाऱ्याचे डोळे विस्फारायचे, पण रोजच्या कामाला कुणी यातलं फारसं वापरलं नाही. न्यूझीलंडच्या कॅंटरबरी विद्यापीठातले अँडी कॉकबर्न आणि ब्रूस मॅकेंझी यांनी हे तपासून पाहिलं. २००१ च्या अभ्यासात पानं साठवून पुन्हा शोधायला सपाट आणि त्रिमितीय मांडणीत लक्षणीय फरक पडला नाही, तरी लोकांची पसंती त्रिमितीय मांडणीला होती. २००२ मध्ये त्यांनी खऱ्या वस्तूंची आणि पडद्यावरची, अशा दोन्ही मांडण्या तपासल्या. तिसऱ्या मितीची मोकळीक जितकी वाढत गेली, तितकं शोधणं मंदावत गेलं, आणि लोकांनाही पसारा जास्त वाटला.

कारणं अवघड नाहीत. खोलीत मागे ठेवलेली वस्तू लहान दिसते आणि पुढच्याच्या आड जाते. तिरकं केलेलं अक्षर वाचता येत नाही. माउस टेबलावर दोनच दिशांना सरकतो, त्याने तिसऱ्या दिशेला जायचं तर जास्तीची कळ किंवा क्लृप्ती लागते. आणि हातभर अंतरावरचा पडदा दोन्ही डोळ्यांना सपाटच दिसतो, हे तर १८३८ मध्येच कळलं होतं. मुख्य म्हणजे फायलीला खोली नसतेच. पत्राला, पावतीला, हिशेबाच्या तक्त्याला मागची बाजू नसते. तिथे तिसरी मिती फक्त अंतर वाढवते.

जिथे प्रश्नच खोलीचा आहे, तिथे मात्र व्हीटस्टन यांच्या उपकरणाला तोड नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विश्लेषकांनी विमानातून घेतलेल्या फोटोंच्या जोड्या स्टिरिओस्कोपखाली पाहून जर्मनीची उडती अस्त्रं हुडकली. सपाट फोटोत नुसता डाग असतो, जोडीत त्याची उंची कळते. डोंगराच्या उंचीचे नकाशेही असेच हवाई फोटोंच्या जोड्यांवरून बनत आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना एक्स-रेच्या मोठमोठ्या काचा जोडीने पाहायच्या होत्या, कारण शरीरात घुसलेली गोळी किती आत आहे ते समजायला हवं होतं. ब्रूस्टरच्या छोट्या पेटीत त्या काचा मावत नव्हत्या. त्यासाठी कपाटातून बाहेर काढलं गेलं ते व्हीटस्टन यांचं, मोठं आणि गैरसोयीचं म्हणून मागे पडलेलं आरशांचं उपकरण. आज रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करणारा सर्जनही दोन डोळ्यांना दोन प्रतिमा दाखवणाऱ्या यंत्रात पाहूनच टाका घालतो. टाका किती आत जातोय, हे त्याला दिसावंच लागतं.

व्हीटस्टन यांनी स्वतः हा भेद कधी नियम म्हणून मांडला नाही, पण त्यांच्या कामात तो दिसतो. माणसाची नजर समजून घ्यायची होती तेव्हा त्यांनी ठोकळा हवेत उभा केला. माणसाला निरोप पाठवायचा होता तेव्हा त्यांनी सपाट तबकडीवर अक्षरं मांडली आणि काटा बरोबर त्या अक्षरावर नेऊन थांबवला.